कोपऱ्यावरचा प्लॉट: गेटमधून आणि वळणावर रस्ता नीट दिसायला कुंपण कुठे आणि किती उतरवावं?

गेट_गल्ली:

नमस्कार मंडळी,

एका गृहसंकुलाचं कुंपण नव्याने बांधायचं आहे. त्याआधी मापं पक्की करायची आहेत. प्लॉट कोपऱ्यावर आहे. एका बाजूला मोठा रस्ता, दुसऱ्या बाजूला ६ मीटरची गल्ली. वाहतूक डाव्या बाजूने चालते. गल्लीतून मोठ्या रस्त्याकडे बाहेर पडताना प्लॉट उजव्या हाताला येतो. गेट गल्लीत आहे, कोपऱ्यापासून ३५ मीटर आत, ३ मीटर रुंद. दोन्ही रस्त्यांना २ मीटरचा फुटपाथ आहे. गल्लीत वाहनं साधारण ताशी ३० किलोमीटरने येतात, मोठ्या रस्त्यावर ५० ने.

सध्याची भिंत दीड मीटर उंच आहे आणि तिच्या आत माणसाच्या उंचीची हेज (झुडपांचं कुंपण). गाडीचा पुढचा निम्मा भाग फुटपाथवर आल्याशिवाय चालकाला काहीच दिसत नाही. शाळेच्या वेळेत याच फुटपाथवरून मुलं जातात.

विचारायचं ते असं: भिंत किती लांबीपर्यंत उतरवावी आणि उंची किती ठेवावी? संपूर्ण भिंत पाडण्याऐवजी वर लोखंडी रेलिंग चालेल का? कोपऱ्याला काय करावं? गेटसमोर बहिर्गोल आरसा लावला तर भिंतीचं काम टळेल, असाही एक प्रस्ताव आला आहे.

---

कोनमापी:

भिंतीपासून सुरुवात करू नका, चालकाच्या डोळ्यापासून करा. छोट्या गाडीत बसलेल्या चालकाचा डोळा रस्त्यापासून साधारण १.०५ मीटरवर असतो आणि पुढच्या बंपरपासून दोन-सव्वादोन मीटर मागे. म्हणजे बंपर रस्त्याच्या कडेला टेकला तेव्हा डोळा कडेपासून सुमारे २.४ मीटर मागे धरायचा. उंच गाडीतल्याला जास्त दिसतं, म्हणून हिशेब नेहमी सर्वांत बुटक्या गाडीचा करावा.

आता किती लांबचं दिसायला हवं? येणाऱ्या वाहनाला थांबायला लागणारं अंतर म्हणजे प्रतिक्रियेचा वेळ अधिक ब्रेकचं अंतर. प्रतिक्रियेला अडीच सेकंद आणि ओल्या रस्त्यावरही मिळेल असा मंदन दर (ब्रेक लावल्यावर वेग घटण्याचा दर), म्हणजे सेकंदाला ३.४ मीटर प्रतिसेकंद, धरला तर ताशी ३० ला २१ + १० = ३१ मीटर येतात. ताशी ५० ला ३५ + २८ = ६३ मीटर. येणारं वाहन उतारावर असेल तर ब्रेकचं अंतर वाढतं. सहा टक्के उताराला ५० च्या वेगात आणखी ६ मीटर धरा.

तुमच्या गेटवर गाडी दोनदा थांबते, हे आधी मान्य करा. पहिल्यांदा बंपर भिंतीच्या रेषेत, फुटपाथवर कोण आहे ते पाहायला. दुसऱ्यांदा फुटपाथ ओलांडून रस्त्याच्या कडेला, वाहनं पाहायला. या दोन थांब्यांना दोन वेगळे दृष्टित्रिकोण (नजरेला मोकळी हवी अशी त्रिकोणी जागा) लागतात आणि बहुतेक नकाशांत त्यातला एकच काढलेला असतो.

पहिला थांबा. डोळा भिंतीच्या २.२ मीटर आत, गेटच्या मध्यावर. भिंत उंच असेल तर भिंतीला लागून चालणारा माणूस गेटच्या खांबापाशी पोचल्यावरच दिसतो. तोवर गाडीच्या बाजूपासून तो जेमतेम ६० सेंमी दूर असतो. उपाय २ × २ मीटरचा: गेटच्या दोन्ही बाजूंना खांबापासून भिंतीच्या कडेने २ मीटर आणि खांबापासून आत, गाडीरस्त्याच्या कडेने २ मीटर. या दोन टोकांना जोडणाऱ्या त्रिकोणात ६० सेंमीपेक्षा उंच काही नको. मग चालणारा माणूस गेटच्या मध्यापासून साडेतीन मीटरवर असतानाच दिसतो. सेकंदाला १.४ मीटर चालीने त्याला गाडीपर्यंत यायला जवळपास दोन सेकंद लागतात. धावणारं मूल त्याच्या निम्म्या वेळात येतं, म्हणून त्रिकोण मोकळा असला तरी गाडी इथे पूर्ण थांबलीच पाहिजे.

दुसरा थांबा. डोळा रस्त्याच्या कडेपासून २.४ मीटर, फुटपाथ २ मीटर, म्हणजे डोळा भिंतीच्या रेषेच्या फक्त ४० सेंमी आत. तुमच्याकडे उजवीकडून येणारं वाहन गेटच्या बाजूच्या लेनमध्ये असतं. ते कडेपासून दीड मीटर आत धरलं, तर ३१ मीटरवर त्याला पाहणारी रेषा भिंतीची रेषा गेटच्या मध्यापासून ३.२ मीटरवर कापते. कडेने ताशी २० ने येणारा सायकलवाला घेतला (त्याला १८ मीटर हवेत) तर तीच रेषा ३.१ मीटरवर येते. दोन्ही हिशेब जुळतात आणि दोन्ही पादचाऱ्यांसाठी लागणाऱ्या ३.५ मीटरच्या आत बसतात. डावीकडून येणारं वाहन पलीकडच्या लेनमध्ये असल्याने तिथे १.८ मीटर पुरतात.

म्हणजे खांबापासून दोन्ही बाजूंना २ मीटर भिंत ६० सेंमीवर आणा, दोन्ही प्रश्न सुटतात. अख्खी भिंत पाडायची गरज नाही. फुटपाथ अरुंद असता तर चित्र बिघडलं असतं. फुटपाथ १ मीटरचा असेल तर डोळा भिंतीच्या १.४ मीटर आत जातो आणि उजवीकडे ११ मीटरपेक्षा जास्त भिंत उतरवावी लागते.

६० सेंमी हे माप फुटपाथच्या पातळीपासून घ्यायचं, बागेतल्या मातीपासून नव्हे. हेच माप का, तर लहान मुलाचं डोकं आणि खांदे त्यावरून दिसतात आणि १.०५ मीटरवरच्या डोळ्यातून ६० सेंमीवरच्या लक्ष्याकडे जाणारी रेषा वाटेत कुठेही ६० च्या खाली येत नाही.

---

गेट_गल्ली:

@कोनमापी, फारच उपयोगी. आतली बाग फुटपाथपेक्षा ३५ सेंमी उंच भरलेली आहे, ते लिहायचं राहिलं होतं. मग भिंत ६० वर आणली तर आतली माती आणि झाडं मिळून उंची पुन्हा वाढणार. तसंच गेट सरकतं करायचं ठरत होतं, पत्र्याचं. त्याने काही फरक पडतो का?

---

हिरवी_कात्री:

मातीचं आधी. फुटपाथपासून ३५ सेंमी माती, म्हणजे त्रिकोणात झाडांसाठी उरले २५ सेंमी. यात कापून बुटकी ठेवायची हेज बसत नाही. २५ वर छाटलेली ड्युरांटा वाढीच्या हंगामात बघता बघता ४५-५० वर जाते, आणि छाटणी एकदा चुकली की पुन्हा भिंतच. सोपा मार्ग म्हणजे त्या २ मीटरच्या त्रिकोणातली माती उतरवून फुटपाथच्या पातळीला आणा, बागेकडच्या कडेला छोटी पायरी किंवा दगडी कड घ्या. मग ६० सेंमी पूर्ण मिळतात.

तिथे जात्याच बुटकी राहणारी झाडं निवडा. ऱ्हिओ, पावसाळी लिली, अल्टरनेन्थेरा यांसारखी ३० सेंमीच्या आसपास थांबणारी. ६० ची मर्यादा असेल तर पूर्ण वाढ ४५ च्या खाली असलेलंच झाड लावायचं, वरचे १५ सेंमी नव्या फुटव्यासाठी आणि फुलांच्या दांड्यांसाठी. बोगनवेल त्रिकोणात नको. तिच्या कमानीसारख्या फांद्या खालून मोकळ्या दिसतात आणि नेमक्या डोळ्याच्या उंचीवर वाकून येतात. उंच शोभेचं गवतही नको. लावताना गुडघ्याएवढं असतं, तुरे आले की दीड मीटर.

हेज कापताना फुटपाथच्या बाजूने ती सरळ ठेवू नका, वर जाताना आत झुकती ठेवा. सरळ कापलेल्या हेजची वरची फूट फुटपाथवर येते, खालची पानं सावलीत गळतात, आणि मग माळी खालचं पोकळ दिसू नये म्हणून वरचं कापत नाही. असं करत हेज दरवर्षी थोडी बाहेर सरकते.

मोठी झाडं असतील तर खालच्या फांद्या फुटपाथवर २.४ मीटरपर्यंत आणि रस्त्यावर ट्रकच्या उंचीच्या वर, ५ मीटरच्या पुढे, उचलून घ्या. एकावेळी फार नको. झाडाच्या एकूण उंचीचा वरचा दोन-तृतीयांश भाग तरी पानांचा राहू द्या, नाहीतर खोडावर जागोजाग नवी फूट येते आणि तीच नेमकी डोळ्याच्या उंचीवर दाटते.

खोडाचा विचार कुणी करत नाही. चालकाच्या डोळ्यापासून २ मीटरवर ३० सेंमी जाडीचं खोड असेल तर ते २० मीटर अंतरावर ३ मीटर रुंदीची पट्टी झाकतं. त्यात मोटरसायकल अख्खी लपते, समोरून येणारी कारही. म्हणून एखादं सडपातळ खोड ठीक आहे, पण गेटलगत जाड खोड नको. फुटपाथच्या कडेने ओळीने लावलेल्या झाडांचा धोका वेगळा. समोरून पाहिलं तर मध्ये भरपूर जागा दिसते, गेटमधून तिरकं पाहिलं की खोडं एकमेकांना चिकटून भिंत होते.

---

गज_आणि_जाळी:

खोडांबद्दल जे लिहिलंय तेच रेलिंगला लागू होतं, आणि तिथे फसगत जास्त होते कारण रेलिंग आरपार दिसतं असा सगळ्यांचा समज असतो.

मापं घेऊन बघा. ४० × ६ मिमीची पट्टी, ४० ची बाजू आत-बाहेर अशी उभी, मध्यापासून मध्यापर्यंत ११० मिमी. समोरून पाहिलं तर जवळपास ९५ टक्के मोकळं. पण कुंपणाच्या रेषेशी २१ अंशांपेक्षा कमी कोनातून पाहिलं की फट पूर्ण बंद. आता तुमच्या गेटच्या दुसऱ्या थांब्यावरून ३१ मीटरवर पाहणारी रेषा भिंतीशी किती कोन करते? सात अंश. म्हणजे हे रेलिंग त्या चालकासाठी पत्राच आहे.

१२ मिमीचा गोल गज त्याच ११० च्या अंतरावर लावला तर पादचारी पाहण्याच्या कोनात, समजा ३५ अंशांत, ८० टक्के मोकळं दिसतं. चांगलं आहे. सात अंशांत मात्र तेही १३ टक्क्यांवर येतं. गजांमधलं अंतर वाढवावं तर लहान मुलाचं डोकं अडकायची भीती, त्यामुळे मोकळी फट १०० मिमीच्या पुढे नेता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: त्या २ मीटरच्या भागात ६० सेंमीच्या वर काहीही नको, रेलिंगही नको. सुरक्षेसाठी वर काही हवंच असेल तर ५० × ५० मिमीची, ३ मिमी तारेची वेल्ड जाळी घ्या. ती ३५ अंशांत जवळपास ८५ टक्के आणि सात अंशांतही निम्मी मोकळी राहते. आडव्या तारा तिरक्या नजरेला मिटत नाहीत, त्यामुळे दिसायला त्या सर्वांत उत्तम. पण मुलं त्यावर शिडीसारखी चढतात, म्हणून शाळेच्या वाटेवर मी त्या सुचवणार नाही. जाळीवर वेल चढवायची नाही आणि हिरवं कापड किंवा फ्लेक्स बांधू द्यायचा नाही, हे संकुलाच्या ठरावातच लिहून ठेवा.

आता गेट. सरकतं पत्र्याचं गेट उघडलं की ते जातं कुठे? भिंतीच्या मागे, म्हणजे तुम्ही नुकतीच उतरवलेल्या २ मीटरच्या नेमकं मागे. गेट बंद असताना त्रिकोण मोकळा, आणि गाडी बाहेर पडताना तो पत्र्याने भरलेला. सरकतं गेट करायचं तर जाळीचंच करा आणि ते डावीकडे सरकवा, कारण तुमच्याकडे उजवी बाजू जास्त नाजूक आहे.

आत उघडणाऱ्या दोन पाखांच्या गेटचंही तसंच. दीड मीटरची पाख ९० अंशांत उघडून उभी राहिली की ती गाडीरस्त्याच्या कडेने दीड मीटरची भिंत होते, पादचाऱ्यांचा त्रिकोण दोन्हीकडून झाकला. पाखही जाळीचीच घ्या, आणि ती पूर्ण भिंतीला टेकेपर्यंत उघडेल अशी बिजागरी आणि थांबा बसवा. पाख बाहेर, फुटपाथवर उघडणारी कधीच नको.

खांब राहिले. ४५ सेंमी चौकोनी, वर दिवा आणि नावाची पाटी असलेला खांब हाच सर्वांत मोठा अडथळा असतो, कारण तो चालकाच्या सर्वांत जवळ असतो. जाळीच्या गेटला १०० मिमीचा चौकोनी लोखंडी पाइप पुरतो. पायाचा काँक्रीटचा ठोकळा मोठा घ्या, खांब नको. नावाची पाटी आणि पत्रपेटी त्रिकोणाच्या बाहेरच्या भिंतीवर न्या.

भिंत उतरवताना थेट घण घालू नका. आधी कटर मशीनने दोन्ही बाजूंनी खाच पाडा, नाहीतर राहणाऱ्या भिंतीला तडे जातात. विटांची भिंत ५४-५५ वर तोडा, वरची ५ सेंमी कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचा थर) धरून ६० होतात. ६० ला तोडली तर कोपिंगसकट ६५ होते आणि हे फार ठिकाणी झालेलं दिसतं. उंच आणि बुटक्या भागाच्या सांध्यावर भिंतीचं टोक मोकळं पडतं, तिथे छोटा कॉलम किंवा किमान उभी सळई भरून घ्या.

---

रस्ता_आखणी:

कोपऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

इथेही दोन थांबे आहेत. गल्लीतून येणारी गाडी आधी फुटपाथच्या रेषेपाशी, म्हणजे पादचारी जिथून गल्ली ओलांडतात त्याच्या मागे थांबायला हवी. तेव्हा डोळा मोठ्या रस्त्याच्या कडेपासून साडेचार मीटर मागे असतो. मग पुढे सरकून कडेला दुसरा थांबा, डोळा २.४ मीटरवर.

पहिल्या जागेवरूनच उजवीकडचं ६३ मीटर दिसावं असा हट्ट धरला, तर मोठ्या रस्त्यालगतची भिंत चालकाच्या रेषेपासून २६ मीटरपर्यंत उतरवावी लागेल. दुसऱ्या जागेवरून पाहिलं तर साडेसहा मीटर पुरतात, आणि त्यातले सहा मीटर तर गल्लीची रुंदी आणि फुटपाथ यांतच जातात. तुमच्या भिंतीचा अर्धा मीटरच आड येतो. दोन मीटर पुढे सरकण्याने किती फरक पडतो ते बघा. न थांबता, चालत्या गाडीतून पाहून वळणं जिथे अपेक्षित आहे तिथे मोठा कोपरा मोकळा लागतो. तुमच्याकडे तो देणं शक्य नाही, म्हणून तिथे ‘थांबा’ फलक आणि जमिनीवर ठळक थांबरेषा हवी. हे काम रस्त्याच्या यंत्रणेचं आहे. अर्जासोबत मापं लिहिलेलं साधं रेखाचित्र जोडा.

तरीही कोपऱ्यावर भिंत उतरवा, पादचाऱ्यांसाठी. मोठ्या रस्त्याच्या फुटपाथवरून येणारं मूल काटकोनी भिंतीमागून एकदम गल्लीत उतरतं, आणि मोठ्या रस्त्यावरून गल्लीत वळणाऱ्या चालकाला ते दिसत नाही. कोपऱ्यापासून दोन्हीकडे ३ मीटर मोजून तो त्रिकोण ६० सेंमीवर आणा. नवं बांधताय तर भिंतच तिरकी घेऊन तो तुकडा बाहेर सोडा. पुढे कुणी तिथे काही ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही.

पण तुमच्या कोपऱ्यावर खरा अडथळा भिंतीचा नसून उभ्या गाड्यांचा असण्याची शक्यता जास्त आहे. मोठ्या रस्त्याच्या कडेला १.८ मीटर रुंदीची गाडी उभी असेल तर चालकाला तिच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून पलीकडे पाहावं लागतं. पहिली उभी गाडी ५ मीटरवर असेल आणि डोळा २.४ मीटर मागे, तर तिच्या पलीकडच्या लेनचा मध्य फक्त ७ मीटरपर्यंत दिसतो. ती १० मीटरवर नेली तरी १४ मीटर. उभ्या गाड्यांच्या रेषेपर्यंत बंपर पुढे काढला तर १० मीटरच्या मोकळ्या जागेत १७ मीटर मिळतात. ५० च्या वेगाला लागणाऱ्या ६३ च्या जवळपासही हे जात नाही. काचेतून आणि बॉनेटवरून थोडं दिसतं हे खरं, पण उंच गाडी किंवा टेम्पो उभा असला की तेही संपलं.

म्हणून मोकळी जागा १० मीटरपेक्षा कमी नको, जमेल तिथे १५-२० मीटर मागा, आणि ती उजव्या बाजूला आधी मागा. नुसता पिवळा पट्टा आणि फलक लावले तर ती जागा तात्पुरत्या थांब्यासाठी सर्वांत सोयीची ठरते. फुटपाथच पार्किंगच्या रुंदीएवढा पुढे काढला तर गाडी उभी करायला जागाच उरत नाही. त्याने थांबरेषा पुढे येते, रस्ता ओलांडायचं अंतर घटतं आणि ओलांडायला उभं असलेलं माणूस गाड्यांच्या आडून बाहेर येतं. तेवढं होत नसेल तर लवचीक खांब किंवा सायकल स्टँड त्या जागेत बसवता येतात. सायकली बुटक्या आणि आरपार, त्यामुळे चालतात. मोटरसायकलींचा दाट जथा मात्र सव्वा मीटरची भिंत असतो.

तरीही अंतर पुरत नसेल तर वेग कमी करण्याला पर्याय नाही. ५० वरून ३० वर आणलं की लागणारं अंतर ६३ वरून ३१ वर येतं. कोणतीही भिंत पाडून इतकं मिळत नाही. कोपऱ्याच्या आधी उंचावलेलं पादचारी क्रॉसिंग हा त्यातला भरवशाचा मार्ग.

---

लंबक_रेषा:

आरशाबद्दल. भिंतीचं काम टाळायला आरसा लावू नका. बहिर्गोल आरशात वाहन लहान दिसतं, म्हणून ते आहे त्यापेक्षा दूर आणि संथ वाटतं. ‘कुणी येतंय का’ याचं उत्तर तो देतो, ‘मला निघायला वेळ आहे का’ याचं देत नाही. दव पडलं, पाऊस आला, संध्याकाळी मागून दिव्यांचा झोत आला की पहिलं उत्तरही मिळत नाही. आणि आरशाकडे वर पाहणारा चालक त्या क्षणी बॉनेटसमोरच्या फुटपाथकडे पाहत नसतो. तुमच्याकडे मुलं फुटपाथवर आहेत.

भिंत उतरवल्यावर जादाची सोय म्हणून लावायचाच असेल तर गेटच्या समोर, गल्लीच्या पलीकडे. चालकापासून आरसा १० मीटरच्या आसपास असेल तर किमान ६० सेंमी व्यास, त्याहून दूर असेल तर ८० किंवा मोठा. उंची अडीच ते तीन मीटर, थोडा खाली झुकलेला. कोन बसवताना चालकाची जागा आणि जे पाहायचं ते ठिकाण यांच्या बरोबर मधल्या दिशेला आरशाचं तोंड हवं. एक जण गाडीत बसून सांगेल आणि दुसरा फिरवेल, तेव्हाच तो घट्ट करा. पॉलीकार्बोनेटचा आरसा कोरड्या फडक्याने पुसला की चरे पडतात, पाण्याने धुवावा. आणि गल्लीतला खांब सार्वजनिक जागेत येतो, परवानगी लागेल.

रात्रीचंही बघा. गेटच्या खांबावरचे गोल उघडे दिवे चालकाच्या डोळ्यात येतात आणि मागचा फुटपाथ काळा पडतो. दिवा झाकणाचा, खाली प्रकाश टाकणारा घ्या, आणि तो फुटपाथवर पडू द्या. त्रिकोणात कचऱ्याचे डबे, पाण्याच्या मीटरची पेटी, वीजपेटी ठेवू नका. चाकाचा मोठा डबा १ मीटरच्या वर असतो, त्याच्यामागे पहिलीतलं मूल दिसत नाही.

तळघरातून चढ येतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर भिंतीच्या रेषेआधीचे ६ मीटर जवळपास सपाट, १:२० पेक्षा कमी चढाचे ठेवा. चढावर गाडीचं नाक वर जातं आणि बॉनेट फुटपाथच झाकतं, मग बाजूचा त्रिकोण कितीही मोकळा असो. आणि गाड्या आत शिरताना रिव्हर्स घेऊन लावायची पद्धत पाडा. रिव्हर्समध्ये बाहेर पडणाऱ्या चालकाचा डोळा मागच्या बंपरपासून आणखी दूर असतो, त्याला वर दिलेल्या कोणत्याच मापाचा उपयोग होत नाही.

---

गेट_गल्ली:

तळघर नाही, जमीन सपाट आहे. पत्र्याचं गेट रद्द, जाळीचं आणि डावीकडे सरकणारं. त्रिकोणातली माती उतरवू. एक राहिलं: भिंत तोडण्याआधी हे सगळं जागेवर तपासून कसं बघायचं?

---

कोनमापी:

दोन माणसं, टेप, खडू, १.०५ मीटरवर खूण केलेली एक काठी आणि ६० सेंमी उंचीचा पुठ्ठ्याचा खोका, बस.

गेटच्या मध्यरेषेवर दोन खुणा करा: एक भिंतीच्या रेषेपासून २.२ मीटर आत, दुसरी रस्त्याच्या कडेपासून २.४ मीटरवर. काठी खुणेवर उभी धरा आणि १.०५ च्या खुणेला मोबाइलचा कॅमेरा लावा. साधी लेन्स वापरा, वाइड अँगल नको. त्यात दूरचं लहान होतं आणि फोटो दाखवताना वाद होतात. दुसऱ्याने खोका घेऊन आधी फुटपाथवर भिंतीला लागून यायचं आणि खोक्याचा वरचा काठ जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे खडूची खूण करायची. मग रस्त्याच्या कडेने १८ मीटरवर आणि कडेपासून दीड मीटर आत ३१ मीटरवर तेच. रस्त्यावरचं काम रहदारी नसलेल्या वेळी, चमकदार जॅकेट घालून आणि तिसरा माणूस लक्ष ठेवायला उभा करूनच करा.

मग भिंतीचा जो भाग आड येतो त्यावर बाहेरून खडूने ६० सेंमीची रेघ मारा आणि २ मीटरचं टोक नोंदवा. ठेकेदाराला नकाशाबरोबर ही रेघही दाखवा, आणि ‘तयार उंची कोपिंगसह, फुटपाथपासून ६० सेंमीच्या आत’ हे वाक्य कामाच्या पत्रात जसंच्या तसं घाला.

तपासणी काम झाल्यावर पुन्हा करा. गेट उघडं असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा. मग झाडं पूर्ण वाढल्यावर एकदा, आणि शाळा सुटायच्या वेळी एकदा, तेव्हा तिथे काय काय उभं असतं ते दिसण्यासाठी.

---

हिरवी_कात्री:

एक भर: गेटच्या आतल्या बाजूला भिंतीवर ६० सेंमीची लाल खूण रंगवून ठेवा. माळी बदलला तरी त्याला कुठवर कापायचं ते विचारावं लागत नाही.